ओल्या प्लास्टरचा फोटो

मी बसच्या मागे धावले ती बस पकडायला नाही. वय त्रेपन्न, एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात छत्री आणि तोंडाने "अहो थांबवा, अहो थांबवा". लोकांना वाटलं, बाईचं काहीतरी बसमध्ये राहिलंय. बसमध्ये काही नव्हतं हो, होतं ते बसच्या पाठीवर. माझी भाची होती बसच्या पाठीवर. दोन माणसांइतकी उंच, काळी-पांढरी, ओठ आवळलेले, डोळ्यांत पाणी, आणि खाली हे एवढ्या मोठ्या अक्षरांत: तुमच्याशिवाय ती एक पाऊलही टाकू शकत नाही.

सिग्नलला मी बसला गाठलं आणि सगळं नीट वाचलं. त्याखाली देणगीसाठी फोन नंबर, आणि आमच्याच संस्थेचं नाव.

एक पाऊल म्हणे. त्याच सकाळी ही पोरगी एकेक पायरी गाळत जिना उतरली होती, कारण तिच्या व्हॅनमध्ये औषधांची खोकी भरायला उशीर झाला होता. आमच्या घरात तिला भिंगरी म्हणतात. लहानपणी घरात ठरायची नाही म्हणून नाव पडलं. सोळाव्या वर्षी शाळेचं लोखंडी फाटक अंगावर आलं आणि डावा पाय गुडघ्याखाली गेला. पाय गेला, भिंगरी राहिली. आता चोवीस वर्षांची आहे, तीन वर्षं औषधांची व्हॅन चालवतेय, आणि त्याच आठवड्यात, गुरुवारी, तिची शहराच्या बस डेपोत शेवटची चाचणी होती. डॉक्टरांचा कागद झाला होता, लेखी परीक्षा झाली होती. या बसना क्लच नसतो, उजव्या पायाचं काम. एकदा चालवून दाखवायची की झाली ड्रायव्हर. लहान असल्यापासून बसचा ड्रायव्हर व्हायचं म्हणत होती. आम्हाला वाटायचं, वयाबरोबर जाईल.

तो सोमवार होता. मी सिग्नलवर उभी होते, बस निघून गेली, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो फोटो मी ओळखला होता. तो मीच काढला होता. आणि तिथल्या तिथे आठवलं, तो मीच पाठवलाही होता.

आता हे सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल मावशी आहे की वैरीण. मी कृत्रिम पाय बनवते. संस्थेच्या कार्यशाळेत आम्ही पाच जण, त्यात मी सगळ्यात जुनी. पाय बनवायचा तर आधी माप. ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या उरलेल्या पायाभोवती गुंडाळायच्या आणि त्या घट्ट होईपर्यंत सात-आठ मिनिटं माणसाने हलायचं नाही. पण माणूस घाबरलेला असतो. घाबरला की पाय आवळतो, आणि आवळलेल्या पायाचा साचा घेतला की पुढे आयुष्यभर टोचतो. आमच्या जुन्या उस्तादांनी यावर एक उपाय काढला होता. प्लास्टर ओलं असताना समोरच्याला असं काहीतरी सांगायचं की त्याला हसू आवरणार नाही, आणि वर दम द्यायचा की हसलास तर हरलास. हसू दाबणारा माणूस तोंड आवळतो आणि पाय सोडून देतो. तीस वर्षं आम्ही हेच करतोय. आमचे साचे उगाच नाही चांगले येत.

फायलीसाठी फोटो काढायचा तोही त्याच वेळी. त्यामुळे आमच्या कपाटात शेकडो माणसं अशी आहेत, की बघणाऱ्याला वाटेल यांच्या घरात आत्ताच कोणी गेलंय. गाल ओढलेले, ओठ गच्च, डोळे डबडबलेले. त्यातले सगळ्यात भारी आम्ही चहाच्या टेबलाजवळ भिंतीला लावतो आणि रोज बघून हसतो. भिंगरीचा फोटो त्या भिंतीचा राजा. तेव्हा ती अठराची होती, मोजमाप चालू होतं, आणि मी तिला तिच्या बापाची गोष्ट सांगत होते. तिचा बाप गाडी शिकत होता तेव्हाची. पाऊण तास पठ्ठ्याने गिअर बदलले, आरशात बघितलं, वळताना हात दाखवला, आणि मग शेजाऱ्याने येऊन सांगितलं, भाऊ, चाकं दुरुस्तीला गेलीत, गाडी विटांवर आहे. पोरीचा जीव जायचा बाकी होता. पण हसली नाही. जिंकली ती.

दोन महिन्यांपूर्वी कार्यालयातून फोन आला, तुमच्याकडचे सगळ्यात चांगले दहा फोटो पाठवा, जाहिरातीला हवेत. सगळ्यात चांगले म्हणजे कोणते? मी भिंतीवरचे दहा पाठवून दिले. खाली एक ओळ लिहावी, एवढंसुद्धा माझ्या डोक्यात आलं नाही. आम्हाला तो चेहरा रडका दिसतच नाही, त्याला मी काय करू? जाहिरातवाल्यांनी त्यातला पिवळा शर्ट काळा केला, पायावरचं प्लास्टर कापलं, प्लास्टर धरलेला माझा हात कापला, आणि मागे अंधार भरला.

घरी गेले तर बहीण, म्हणजे भिंगरीची आई, कपाळाला हात लावून बसली होती. तिच्यासमोर टेबलावर जुन्या कपड्यांचं गाठोडं. शेजारीण देऊन गेली होती. आठ वर्षं ही शेजारीण भिंगरीला येता-जाता बघतेय, मागच्या महिन्यात हिच्याच व्हॅनमधून फुकटात कपाट आणलं तिने. आणि आज बसवरचा फोटो बघून डोळे पुसत आली, म्हणाली, "आम्हाला कल्पनाच नव्हती हो."

"कसली कल्पना नव्हती?" मी विचारलं.

"मीही तेच विचारलं," बहीण म्हणाली. "तर म्हणते, आतून इतकं भोगत असेल याची."

भिंगरी खिडकीत बसून डेपोचं पुस्तक वाचत होती. वाचत कसली, पान उलटत नव्हतं. "चाळीस बस आहेत," ती म्हणाली. "मी मोजल्या नाहीत, डेपोच्या साहेबांनी सांगितलं. उद्या भेटायला बोलावलंय."

मला तेव्हाच सांगायला हवं होतं, की फोटो मी पाठवला. नाही सांगितलं. तोंडाळ बाई म्हणून माझी ख्याती, पण नको तिथे जीभ टाळ्याला चिकटते.

मंगळवारी मी तिच्याबरोबर डेपोत गेले. साहेब वाईट माणूस नाही. पंचवीस वर्षं स्वतः बस चालवून खुर्चीवर आलेला, मिशा पांढऱ्या, टेबलावर काचेखाली जुन्या गाड्यांचे फोटो. त्यांनी आम्हाला चहा दिला, मग बशीशी चाळा करत बसले. असा चाळा करणारा माणूस चांगली बातमी देत नाही.

"मला तुझ्या पायाची काळजी नाही," ते म्हणाले. "मला लोकांच्या डोळ्यांची आहे. मागून बसवर वाचतात की ही एक पाऊल टाकू शकत नाही, आणि पुढून चढतात तर हीच स्टिअरिंगवर. उद्या कोणी तक्रार केली तर मी काय सांगू?"

"की मी चालवू शकते, हे सांगा," भिंगरी म्हणाली.

"तू म्हणतेस ते बरोबर आहे गं. पण गुरुवारी नऊच्या आत ही चित्रं उतरली तर चाचणी घेतो. नाहीतर पुढच्या भरतीला ये."

पुढची भरती म्हणजे एक वर्ष, तेही झाली तर. भिंगरीचा चेहरा मी पाहिला. आता मात्र तो खरंच पडला होता, आणि मजा बघा, खरा पडलेला चेहरा त्या पोस्टरसारखा अजिबात दिसत नव्हता. नुसता थकलेला दिसत होता. असा चेहरा कोणी बसवर लावला नसता.

तिथून मी तडक संस्थेच्या कार्यालयात. भिंगरीला म्हटलं, तू कामावर जा, मी बघते. तिथे ताई होत्या, संस्था चालवतात त्या, आणि त्यांच्यासमोर एक जाहिरातवाला बसला होता. गोल चष्मा, गुडघ्यावर लॅपटॉप, तोंडभर आनंद. मला बघून ताई उठल्याच. "मावशी, बरं झालं आलात. तुम्ही फोटो पाठवलात म्हणून हे झालं. चार दिवसांत वर्षाची देणगी आली."

"ती रडत नाहीये," मी म्हटलं.

"कोण?"

"पोस्टरवरची. ती हसू दाबतेय." आणि मग मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. प्लास्टर, उस्ताद, विटांवरची गाडी, सगळं. जाहिरातवाल्याने लॅपटॉप फिरवून फोटो मोठा केला, नाकाला नाक लावून बघितला, आणि त्याचा चष्मा खाली घसरला. "अरे बापरे," तो म्हणाला. "हिच्या गालाला खळी पडलीय. आम्ही पुसली ती. आम्हाला वाटलं डाग आहे."

मला त्या क्षणी त्याला बडवावंसं वाटलं आणि हसूही आलं.

"ताई, आजच्या आज उतरवा ती चित्रं. गुरुवारी डेपोत पोरीची चाचणी आहे, ही चित्रं असली तर घेणार नाहीत."

ताई खाली बसल्या. त्या ओरडल्या असत्या तर मी दुप्पट ओरडले असते, पण त्या हळू बोलल्या. "मावशी, आपल्या यादीत किती मुलं आहेत?"

मला पाठ होतं. "सदतीस."

"मापं कोणी घेतली?"

"मी."

"गेल्या वर्षी आपण हसऱ्या मुलांचं पत्रक काढलं होतं. रंगीत, सुंदर. किती पाय झाले त्यातून?"

"दोन," मी म्हटलं.

"रडक्या चेहऱ्याला पैसे येतात. मलाही आवडत नाही. पण सदतीस जणांना मी काय सांगू, की आमच्या मावशींच्या भाचीला वाईट वाटलं?"

 त्या सदतीसांतलं एकेक पोर मला माहीत होतं. एकाला खांद्यावर घेऊन त्याचा बाप तीन जिने चढून आला होता. मी भांडायला गेले होते आणि माझ्याकडे भांडणच उरलं नाही. ताईंना मी एवढंच म्हणू शकले, की मग निदान खोटं लिहू नका. जाहिरातवाला मान खाली घालून बसला होता. मी निघाले तेव्हा मला म्हणाला, "चाचणी किती वाजता आहे?"

संध्याकाळी जेवताना मी भिंगरीला सांगितलं. सरळ सांगितलं, फोटो मी पाठवला, आणि सहा वर्षांपूर्वी संस्थेच्या फॉर्मवर फोटो वापरायला हरकत नाही असं लिहिलं होतं, त्यावर तू सही करत होतीस तेव्हा वाचतेस काय, कर सही, असं म्हणणारीही मीच होते.

 तिने हातातला घास ताटात ठेवला.

"मला फोटोचा राग नाही, मावशी. माझाही आवडता आहे तो. तू मला विचारलं नाहीस, त्याचा राग आहे. ते लोक मला ओळखत नाहीत. तू ओळखतेस."

लाजेने पाणी पाणी झालं माझं. मी तिला सॉरी म्हटलं. तिला लहानपणी आंघोळ घातलेली बाई मी, पण म्हटलं. ती म्हणाली, "ठीक आहे, जेव." आणि ते ठीक नव्हतं, हे दोघींना कळत होतं.

बुधवार गेला. चित्रं उतरली नाहीत. बुधवारी रात्री बहीण म्हणाली, जाऊ दे, व्हॅन काय वाईट आहे? भिंगरी म्हणाली, वाईट नाही, पण उद्या नऊला मी डेपोत जाणार. मावशी, येतेस का?

विचारलं तिने. मी साडेआठलाच चपला घालून दारात.

डेपोच्या आवारात सात-आठ उमेदवार होते, सगळे चकाचक बूट घालून. कोपऱ्यात गोल चष्मा, गळ्यात कॅमेरा. आणि रांगेत उभ्या बसमधल्या निम्म्यांच्या पाठीवर आमची भिंगरी, ओळीने. एक उमेदवार तिच्याकडे बघायचा, मग बसकडे, मग पुन्हा तिच्याकडे. भिंगरी त्याला म्हणाली, "मीच आहे. किती वाजलेत ते सांगा." तो इतका गडबडला की हातातल्या घड्याळाकडे बघायच्या ऐवजी पुन्हा बसकडेच बघायला लागला.

साहेब आले, चित्रांकडे बघितलं, मान हलवली. "पोरी, आपलं ठरलं होतं."

"तुम्ही ठरवलं होतं," भिंगरी म्हणाली. आवाज शांत.  "साहेब, माझी हरकत नाही. फक्त मला लिहून द्या. एका ओळीत. उमेदवाराचा फोटो बसवर लागला आहे म्हणून तिची चाचणी घेतली नाही. खाली तुमची सही."

"लिहून कशाला?"

"पुढच्या भरतीला विचारतील, मागच्या वेळी काय झालं. मी काय दाखवू?"

साहेबांनी खिशातून पेन काढलं. पाटीवरचा कागद पुढे घेतला. लिहायला लागले. सगळे उमेदवार मान लांब करून बघत होते. साहेबांनी ओळ पूर्ण केली. वाचली. ओठ हलवत पुन्हा वाचली. सहीसाठी पेन टेकवलं आणि तिथेच थांबले. पंचवीस वर्षं बस चालवलेल्या माणसाला ती ओळ स्वतःच्या अक्षरात बघवेना, हे मला लांबूनही दिसत होतं.

त्यांनी कागदाचा चोळामोळा करून खिशात कोंबला. "चढ," ते म्हणाले. "तिसरी बस."

तिसऱ्या बसच्या पाठीवरही तीच.

मी चढायला लागले तर म्हणाले, "तुम्ही कुठे?"

"वजन म्हणून," मी म्हटलं. "रिकामी बस काय कोणीही चालवेल."

"बसा सगळ्यात मागे. तोंड बंद."

मी सगळ्यात मागे बसले, मागच्या काचेला लागून. आणि बाई गं, काय चालवली तिने. डेपोच्या फाटकातून अशी बाहेर काढली की जणू हातातल्या परातीतलं पाणी सांडायचं नाही. चढावर साहेबांनी मुद्दाम थांबायला लावलं. बस एक बोट मागे आली नाही. बाजाराची गल्ली, दोन्हीकडे उभ्या गाड्या, हातगाडीवाला मधेच; तिने आरशात बघितलं, थांबली, त्याला जाऊ दिलं, निघाली. साहेब हातातल्या पाटीवर खुणा करत होते. मी समोरच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी धरलेली.

मग मी मागे वळून काचेतून बघितलं, आणि बघतच राहिले. माझ्या पाठीमागे, पत्र्याच्या पलीकडे, पोस्टर होतं. मागून येणारा प्रत्येक जण ते बघत होता आणि मी त्यांचे चेहरे बघत होते. स्कूटरवर दोघी होत्या. मोटारीत एक नवरा-बायको. सायकलवर एक मास्तर असावेत असे गृहस्थ. सगळ्यांचा चेहरा एकच. मान तिरकी, ओठ खाली, च्च च्च. मी गेली तीस वर्षं अशा मुलांचे पाय करतेय, पण शहर त्यांच्याकडे कसं बघतं, हे मला कधी समोरून दिसलंच नव्हतं. या तोंडांसमोरून ती रोज घरी येते. मला रडू आलं, खरं सांगते, आणि साहेबांनी तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं म्हणून ते तसंच गिळलं.

मोठ्या सिग्नलला आम्ही थांबलो. त्या स्कूटरवाल्या दोघी बाजूने पुढे आल्या, ड्रायव्हरच्या खिडकीखाली उभ्या राहिल्या. एकीने सहज वर बघितलं. मग दुसरीला कोपर मारलं. दोघींनी वर बघितलं. भिंगरीने त्यांच्याकडे बघून हात केला, पुढे व्हा, स्कूटर माझ्या चाकाशी आहे. दोघी झटकन बाजूला झाल्या. दिवा हिरवा झाला तरी त्या तिथेच, आणि मागचे सगळे हॉर्न मारत होते.

डेपोत परत आल्यावर शेवटचं राहिलं, उलटी बस दोन पिवळ्या पट्ट्यांमध्ये लावायची. साहेब खाली उतरून मागे उभे राहिले. मी काचेतून बघत होते. ती एवढी मोठी रडकी भिंगरी हळूहळू मागे सरकत साहेबांच्या अंगावर चाललेली, आणि साहेब हात हलवत, या, या, अजून, अजून. बस थांबली. साहेबांनी वाकून पट्टी बघितली. एक वीत अंतर. ते सरळ झाले, आणि आता त्यांचं नाक पोस्टरच्या नाकासमोर होतं. तिथे ते जरा वेळ उभे राहिले.

"पास," ते म्हणाले.

मी बसमधून कशी उतरले मला आठवत नाही. बहिणीला फोन केला आणि दोघींनी एकमेकींना फक्त "हॅलो, हॅलो" केलं. उमेदवारांनी टाळ्या वाजवल्या. आणि या सगळ्यात गोल चष्मा कॅमेरा घेऊन धावत आला. घोडं तिथे पेंड खाणारच होतं.

"असंच बसा स्टिअरिंगवर. फक्त पँट गुडघ्यापर्यंत वर घ्या, पाय दिसू दे. नजर लांब. आपण लिहू, जिद्दीला सलाम. लोक वेडे होतील."

मला तर ते आवडलंच होतं. मी पदर सावरून बाजूला उभी राहायलाही लागले होते. भिंगरी म्हणाली, "नको."

"अहो, आधीचं काढून हे लावू."

"आधी मला बघून रडायचं, आता मला बघून टाळ्या वाजवायच्या. मला नोकरी लागलीय हो. आवारात एवढे जण पास होतील, त्यांची पँट वर करताय का?"

चष्म्याने कॅमेरा खाली घेतला. पण तिचं तिथे संपलं नव्हतं. "सदतीस जण आहेत ना यादीत? मग माझा तोच फोटो लावा, पण पूर्ण. रंगीत. प्लास्टर, मावशीचा हात, माझी खळी, सगळं. आणि खाली जे आहे ते लिहा. प्लास्टर ओलं आहे, हसायचं नाही. हिचा पाय तयार झाला. सदतीस जण मापं देऊन थांबलेत."

तो तिच्याकडे बघत राहिला, मग त्याने खिशातून फोन काढला आणि ताईंना लावला. बोलताना तो आवारात गोल गोल फिरत होता, आणि मधेच इतका हसला की चष्मा हातात धरावा लागला. ताई लगेच हो म्हणाल्या नाहीत. दहा बसवर लावून बघू म्हणाल्या. लावलं. रडक्या चित्राइतके पैसे आले नाहीत, खोटं कशाला बोलू. पण हसऱ्या पत्रकापेक्षा कितीतरी जास्त आले. लोक फोन करून विचारायचे, ती शेवटी हसली का? सदतीसातले एकोणीस पाय झाले. अठरा अजून बाकी आहेत. ताई आणि मी अजून भांडतो, पण आता फोटो पाठवायच्या आधी मी फोटोतल्या माणसाला फोन करते.

तीन आठवड्यांनी भिंगरीची पहिली फेरी. सकाळची सव्वासातची. मी पहिल्या सीटवर, इस्त्रीची साडी नेसून, जसं काही बस माझीच. तीस बसवर अजून जुनंच चित्र होतं आणि नेमकी त्यातलीच एक तिच्या वाट्याला आली होती. तिसऱ्या थांब्यावर एक आजोबा चढले. काठी, जाड चष्मा, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. मागून चित्र बघत आले असणार, कारण चढताच ते तिच्याजवळ थांबले, खिशातून एक नोट काढली आणि तिच्या हातात द्यायला लागले.

"ठेव पोरी. तुला बघून काळीज तुटतं."

मी उठलेच. माझ्या जिभेवर दहा वाक्यं तयार होती, आणि एकही सभ्य नव्हतं. भिंगरीने आरशातून माझ्याकडे एकदाच बघितलं, आणि मी खाली बसले.

"आजोबा, कुठे उतरणार?" तिने विचारलं.

"शेवटच्या थांब्याला."

"मग बसा आधी. दांडी धरा, मी निघतेय."

आजोबा माझ्या शेजारी बसले, नोट मुठीत तशीच. सगळ्या वाटेत ते तिच्याकडे बघत होते. वळणावर, चढावर, गर्दीत.  मी एक शब्द बोलले नाही, आणि ज्यांना मी माहीत आहे त्यांचा यावर विश्वास बसणार नाही.

शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले. आजोबा मधल्या दारापर्यंत गेले आणि अडले. पायरी उंच होती, खाली फुटपाथ लांब. एका हातात काठी, दुसऱ्या हाताच्या मुठीत नोट, आणि गुडघा काही वाकेना. भिंगरीने ब्रेक लावला, खुर्चीतून उठली, पुढच्या दारातून खाली उतरली आणि त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"हात द्या," ती म्हणाली.

आजोबांनी आपल्या मुठीकडे बघितलं. मग ती नोट त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवली, कारण हात रिकामा हवा होता, आणि तिचा हात धरून खाली उतरले.